विरून गेलेल्या द्रव्याचा जमाखर्च



वसंतातल्या व्याख्यानमालेत राजकारण असते, साहित्य असते, संतवाङ्मय तर असतेच असते. या पंक्तीत आज आम्ही वाइनचा विषय वाढावयास निघालो आहो, तेव्हा काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. त्यांनी निर्धास्त असावे. मद्य प्यावे की पिऊ नये हा आजचा प्रश्नच नाही. त्याचा निकाल ज्याने त्याने आपल्या घरी लावावा. आमचा प्रश्न दिसायला लहान, पण तुमच्याआमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचणारा आहे. खाण्यापिण्याचा पदार्थ टिकावा म्हणून त्यात जी द्रव्ये घालतात त्यांना परिरक्षके म्हणतात. पदार्थ टिकला, परिरक्षकाचे काम झाले. पण त्या परिरक्षकाचे पुढे काय झाले? ते आहे तसेच राहिले, नाहीसे झाले, की दुसऱ्याच कशात बदलले? वाइनच्या बाबतीत हा प्रश्न फार कसून तपासला गेला, म्हणून उदाहरण तिचे घेतले आहे.

आधी वाइनला राखणदार लागतो कशाला ते पाहू. द्राक्षाचा रस आंबला की यीस्ट त्यातली साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायॉक्साइड निर्माण करते. गोष्ट इथेच थांबली तर वाइन तयार झाली. पण ती थांबत नाही. हवा लागली तर एका जातीचे जीवाणू तिचा शिरका करतात. साखर थोडी उरली असेल तर यीस्ट बाटलीत पुन्हा कामाला लागते, वाइन गढूळ होते, बूच उडते. लुई पाश्चर यांनी १८६६ साली वाइनवर ग्रंथ लिहून हे रोग सूक्ष्मजीवांचे आहेत हे दाखवले आणि थोडी उष्णता देण्याचा उपाय सांगितला. दुधाला तो मानवला. वाइनला ऊन दिले की वास-चव बदलण्याची भीती, म्हणून न तापवता सूक्ष्मजीव मारील असे काही हवे, हा शोध चालूच राहिला.

यातला जुना राखणदार म्हणजे गंधक. गंधक जाळले की सल्फर डायॉक्साइड वायू होतो. रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळण्याची रीत युरोपात फार जुनी आहे. हा वायू वाइनमध्ये विरघळला की सगळाच मोकळा राहत नाही. काही भाग अॅसिटाल्डिहाइडसारख्या द्रव्यांना चिकटून बसतो, काही ऑक्सिजनशी संयोग पावून सल्फेट होतो, आणि जो मोकळा उरतो तोच पहारा करतो. कायदा मोजतो तो मात्र मोकळा आणि चिकटलेला मिळून एकूण. युरोपीय संघात कोरड्या तांबड्या वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि कोरड्या पांढरीला २०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे, ती या एकूण बेरजेची. दम्याच्या काही रोग्यांना सल्फाइटचा त्रास होतो. म्हणून आपल्याकडच्या नियमांतही पदार्थात किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असेल तर वेष्टनावर तसे सांगावे लागते. म्हणजे या जुन्या राखणदाराचा जमाखर्च बराचसा उघडा आहे. तो किती आला, कुठे गेला, कुणाला बाधला हे ठाऊक आहे.

दुसरा राखणदार सॉर्बिक आम्ल. रोवन नावाच्या झाडाच्या फळांतून हे आम्ल ए. डब्ल्यू. हॉफमन यांनी १८५९ साली वेगळे केले. पण ते बुरशी व यीस्ट यांना रोखते हे कळायला पुढली ऐंशी वर्षे जावी लागली. गोडसर वाइन बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून ते घालू लागले. आता यात एक गोम आहे. हे आम्ल यीस्टला आवरते, पण दह्याच्या विरजणातले जीवाणू ज्या कुळातले, त्या लॅक्टिक जीवाणूंपुढे त्याचे काही चालत नाही. उलट तेच त्याच्यावर हात फिरवून त्याचे एका अल्कोहोलमध्ये रूपांतर करतात. वाइनच्या आंबटपणात या अल्कोहोलची रचना पालटते, ते वाइनमधल्या नेहमीच्या अल्कोहोलशी जोडले जाते, आणि शेवटी जे द्रव्य तयार होते त्याला जिरेनियमची पाने चुरडल्यासारखा उग्र वास येतो. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास रसायनज्ञांनी या द्रव्याची ओळख पटवली. लिटरमध्ये एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग असला तरी नाकाला तो कळतो. आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एकदा हा वास आला की तो काढून टाकण्याचा चांगला उपाय नाही. वाइन ओतून द्यावी लागते.

व्यापाऱ्याचे नुकसान झाले खरे, पण या दोषात एक मोठा गुण आहे, आणि तो असा की, हा दोष स्वतः ओरडून सांगतो. चोर घरात शिरला आणि भांडे पाडले, तर घर जागे होते. आता ज्याची गोष्ट सांगणार आहो त्या द्रव्याने भांडे पाडले नाही.

त्याचे नाव डाय-इथिल पायरोकार्बोनेट. नाव लांबलचक आहे, म्हणून व्यापारी नावानेच बोलू. जर्मनीच्या बायर कंपनीने ते बायकोव्हिन या नावाने बाजारात आणले आणि १९६० नंतरच्या दशकात वाइन, बिअर व फळांचे रस यांत ते अनेक देशांत वापरात आले. त्याचा गुण असा की, ते यीस्टच्या पेशीतल्या प्रथिनांशी झटकन संयोग पावते, त्यामुळे यीस्ट मरते, आणि हे सगळे थंडपणी होते, तापवावे लागत नाही. पण त्याची खरी थोरवी याहून वेगळी मानली जात होती. काम आटोपले की ते पाण्याशी संयोग पावून मोडते. कशात मोडते? त्याच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन रेणू आणि कार्बन डायॉक्साइडचे दोन रेणू होतात. ही दोन्ही द्रव्ये वाइनमध्ये मुळातच आहेत! काही काळाने तपासनीस आला आणि त्याने बाटलीत बायकोव्हिन शोधले तर त्याला काहीच सापडणार नाही. यावे, शत्रू मारावा आणि मागे पाऊलखूणही न ठेवता निघून जावे, असा हा राखणदार. परीक्षेचा प्रश्न होता, ‘किती उरले?’ उत्तर आले, ‘काही नाही.’ सगळ्यांचे समाधान झाले.

पण वाइन म्हणजे नुसते पाणी आणि अल्कोहोल नव्हे. द्राक्षातून आलेला थोडा अमोनिया तिच्यात असतो. १९७१ साली लोफ्रोथ आणि गेज्वाल या दोघा स्वीडिश संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. किती उरले हे न विचारता त्यांनी विचारले की, जे गेले ते सगळे पाण्याकडेच गेले का? अमोनिया पाण्याआधी मध्ये हात घालीत नाही ना? त्यांनी बायकोव्हिन घातलेले संत्र्याचे रस, पांढरी वाइन व बिअर तपासली, आणि त्यांत युरेथेन सापडले. बायकोव्हिन आणि अमोनिया यांच्या संयोगाचे ते अपत्य. गादीत आणि खुर्चीत जे पॉलियुरेथेन असते ते हे नव्हे; याचे दुसरे नाव इथिल कार्बामेट.

हे युरेथेन कोण, तेही ऐकून ठेवा. वैद्यकाला ते पूर्वीपासून परिचित होते. झोप आणण्यासाठी ते रोग्यांना देत, प्रयोगशाळेत उंदरांना भूल देण्यासाठी वापरीत. १९४३ साली असे दिसून आले की, युरेथेन दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत गाठी होतात. पुढे १९४६ साली तेच रक्ताच्या कर्करोगावर औषध म्हणून देऊन पाहण्यात आले, असा विचित्र योग. सांगायचे एवढेच की, १९६० नंतर जेव्हा बायकोव्हिनच्या बाटल्या कारखान्यांत उघडत होत्या, तेव्हा युरेथेन कर्करोगकारक आहे हे ज्ञान ग्रंथांत वीस वर्षे पडून होते. बायकोव्हिन अमोनियाशी संयोग पावू शकते हेही रसायनशास्त्राला अपरिचित नव्हते. दोन कागद दोन कपाटांत होते. ते एका टेबलावर कोणी ठेवले नाहीत, कारण विचारलेला प्रश्न उरलेल्याचा होता, झालेल्याचा नव्हता. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. प्रश्नच अपुरा असला की प्रामाणिक माणसाचे उत्तरही अपुरेच येते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७२ साली बायकोव्हिनची परवानगी काढून घेतली. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणून कुंपण उपटून टाकले. इथे टाळ्या वाजवून ही गोष्ट संपवता आली असती, पण खरी गोष्ट अशी सरळ नसते. पुढे इतरांनी अधिक बारकाईने मोजले तेव्हा बायकोव्हिनमुळे होणारे युरेथेन पहिल्या आकड्यांच्या मानाने पुष्कळ कमी भरले. एवढेच नव्हे, तर १९७६ साली डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या निबंधाने असे दाखवले की, ज्या वाइनला बायकोव्हिनचा थेंबही लागला नाही तिच्यातही युरेथेन असते. आणि वाइनमध्येच नव्हे, आंबवलेल्या इतर पदार्थांतही, अगदी पावातसुद्धा, ते थोडेथोडे असते.

हे कुठून आले? काखेत कळसा आणि गावाला वळसा अशातली ही गत झाली. द्राक्षाच्या रसात आर्जिनीन नावाचे अमिनो आम्ल असते. यीस्ट ते खाते आणि खाऊन झाल्यावर युरिया बाहेर टाकते. हा युरिया वाइनमधल्या अल्कोहोलशी हळूहळू संयोग पावतो, आणि त्याचे युरेथेन होते. वाइन जितकी अधिक दिवस आणि जितकी अधिक उन्हात राहील तितकी ही क्रिया पुढे जाते. मळ्याला नत्राचे खत बेसुमार घातले की रसात आर्जिनीन वाढते, आर्जिनीन वाढले की युरिया वाढतो. म्हणजे बाटलीतल्या युरेथेनचे एक मूळ थेट शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यापर्यंत जाते. ज्या फळांत कठीण आठळी असते त्यांच्या ब्रँडीत तर दुसरीच वाट आहे. आठळीतल्या बियांमधून सुटणारे सायनाइड अल्कोहोलशी मिळून शेवटी युरेथेनच होते.

१९८५ साली कॅनडात ही गोष्ट उघड्यावर आली. काही वाइन आणि ब्रँड्यांत युरेथेन बरेच सापडले, आणि त्या सरकारने मर्यादा घालून दिल्या. साध्या वाइनला लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम, वरून मद्यार्क घातलेल्या वाइनला १००, ऊर्ध्वपातित मद्यांना १५० आणि फळांच्या ब्रँडीला ४००. अमेरिकेतल्या वाइन-उत्पादकांनी १९८८ साली साध्या वाइनसाठी १५ मायक्रोग्रॅमचे लक्ष्य आपण होऊन मान्य केले. आता काय करावयाचे? यीस्टवर बंदी घालता येत नाही. तिच्यावाचून वाइनच नाही. म्हणून उपाय शहाणपणाचे निघाले. मळ्यात खत बेताने घालावे. यीस्टला खाद्य म्हणून युरिया घालण्याची पद्धत होती ती सोडावी. युरिया कमी टाकणारे यीस्ट निवडावे; जपानमध्ये तर तांदळाच्या मद्यासाठी युरिया न बनवणारे यीस्ट तयार करण्यात आले. झालेला युरिया विकराने मोडावा. आणि पिंपे व बाटल्या थंड जागी ठेवाव्यात.

आता आकड्यांचा तोल पाहू, नाहीतर साप समजून भुई धोपटल्यासारखे होईल. वाइनच्या बाटलीत ७५० मिलिलिटर द्रव असतो. कॅनडाच्या मर्यादेला अगदी भिडणारी वाइन घेतली तर या बाटलीत युरेथेन सुमारे २२ मायक्रोग्रॅम. त्याच बाटलीत, वाइन शेकडा १२ ची धरली, तर निव्वळ अल्कोहोल सुमारे ७१ ग्रॅम, म्हणजे युरेथेनच्या तीस लाख पटीहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने युरेथेनला ‘मनुष्यात बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात २००७ सालच्या बैठकीत घातले. आणि मद्यपेयांना? ‘निश्चितपणे कर्करोगकारक’ या पहिल्या वर्गात, १९८८ सालीच. हे वर्ग पुराव्याची बळकटी सांगतात, विषाची तीव्रता नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही जो मनुष्य युरेथेनच्या भीतीने रात्री जागतो आणि अल्कोहोल मात्र निर्धास्तपणे रिचवतो, त्याचा हिशेब चुकला आहे हे सांगावयास गणिती नको.

मग युरेथेनची एवढी उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते दोन कारणांसाठी. एक, अल्कोहोल पिणारा जाणूनबुजून पितो. युरेथेन त्याला न सांगता मिळते, आणि त्याला वास नाही की चव नाही. न सांगता मिळणाऱ्या वस्तूची जबाबदारी घालणाऱ्यावर आणि तपासणाऱ्यावर असते. आणि दुसरे, जे थोड्या खर्चात टाळता येते ते टाळलेच पाहिजे, मग ते कितीही थोडे असो.

बायकोव्हिनची जागा घेण्यास त्याचाच धाकटा भाऊ आला, डाय-मिथिल डायकार्बोनेट. अमेरिकेने १९८८ साली वाइनमध्ये लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत त्याला परवानगी दिली. तोही काम करून काही तासांत विरतो. पण या वेळी परीक्षेचा प्रश्न बदलला होता. हा विरून काय होतो? मोडला की मिथेनॉल आणि कार्बन डायॉक्साइड होतात. मिथेनॉल म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जून महिन्यात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे दगावली. म्हणून हिशेब नीट करू. २०० मिलिग्रॅम द्रव्यापासून जास्तीत जास्त ९६ मिलिग्रॅम मिथेनॉल होते, ग्रॅमचा दहावा भागही नाही. आणि मिथेनॉल माणसाला आंधळा करते ते काही ग्रॅमच्या मात्रेने. फळातल्या पेक्टिनपासून वाइनमध्ये थोडे मिथेनॉल मुळातच येते, आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची एकूण मर्यादा तांबडीला लिटरमागे ४०० व पांढरीला २५० मिलिग्रॅम आहे. अमोनियाशी मिळून याचेही एक अपत्य होते, मिथिल कार्बामेट. त्याचीही उंदीर-घुशींवर परीक्षा झाली. मोठ्या मात्रेने घुशींच्या यकृतात गाठी झाल्या, उंदरांत झाल्या नाहीत. माणसाबद्दल निर्णय देण्याजोगा पुरावा नाही असे वर्गीकरण झाले. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली या परिरक्षकाची फेरतपासणी केली तेव्हा मिथेनॉल आणि मिथिल कार्बामेट ही दोन्ही खाती उघडून पाहिली. तुम्हाला हे द्रव्य आवडो वा न आवडो, इथे जमाखर्चाची वही पूर्ण लिहिली आहे. १९६० नंतरच्या दशकात तिची दोन पाने कोरी होती.

इथवर ऐकून पुष्कळ जण म्हणतील की, आमच्या घरात वाइनची बाटली नाही, सुटलो. पण फळाच्या सरबताची बाटली आहे ना? तिच्यात बहुधा सोडियम बेन्झोएट असते. वेष्टनावर ‘परिरक्षक’ या शब्दापुढे कंसात २११ हा आकडा असतो तो त्याचाच. १९९० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळले की, बेन्झोएट आणि क जीवनसत्त्व एकाच बाटलीत नांदू लागले की, किंचित लोखंड किंवा तांबे, ऊन आणि उजेड यांच्या साहाय्याने त्यांपासून थोडे बेन्झीन होते. बेन्झीन हे निश्चित कर्करोगकारक. दोन्ही द्रव्ये एकेकटी निरुपद्रवी, घातलेली चांगल्या हेतूने. पुढे २००५-०६ साली पुन्हा तपासणी झाली तेव्हा बहुतेक पेयांत बेन्झीन नगण्य होते, पण काही थोड्यांत पिण्याच्या पाण्याला घातलेल्या मर्यादेहून अधिक निघाले, आणि त्या कंपन्यांना कृती बदलावी लागली. यावरून सरबत ओतून द्या असे आम्ही सांगत नाही. बाटली उन्हाच्या खिडकीत किंवा शेगडीजवळ ठेवू नका, एवढे मात्र अवश्य सांगतो.

तेव्हा या एवढ्या लांबलेल्या रसायनातून नागरिकाने काय घरी न्यावे? ‘रासायनिक ते वाईट, नैसर्गिक ते चांगले’ हे सोपे सूत्र तर नव्हेच. कारण युरेथेन बायकोव्हिनने केले आणि यीस्टनेही केले. ‘सरकारने परवानगी दिली, आता चिंता नको’ हेही नव्हे. परवानगी विचारलेल्या प्रश्नापुरतीच असते. कोणी एखादे नवे द्रव्य घेऊन आला आणि अभिमानाने म्हणाला, ‘याचा मागमूसही उरत नाही,’ तर त्याचे अभिनंदन जरूर करावे, आणि तिथेच त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. किती घातले? किती उरले? आणि जे उरले नाही ते कुठे गेले? पहिली दोन उत्तरे आपल्याला वेष्टनावर आणि तपासणीच्या कागदावर मिळू लागली आहेत. तिसरे उत्तर मागण्याची सवय अजून लागावयाची आहे. ती आधी शास्त्रज्ञाला लागते, मग कायद्याला. पण लोक विचारीत राहिले तर दोघांनाही लवकर लागते.